पेटीच्या दोन किल्ल्या

आबांची पत्र्याची पेटी आत्याच्या माळ्यावर अजून आहे. वर जुन्या गोधड्या, खाली ती. हिरवा रंग कधीच उडाला, एका कोपऱ्याला गंज चढलाय, पण कोयंडे दोन्ही शाबूत. एवढ्याशा पेटीला दोन कोयंडे कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. आज्जी म्हणाली, "मानूस येकटा आसला की त्याच्या हाताला खाज सुटती. म्हनून दोन."

त्या पेटीला दोन कुलपं असायची. एकाची किल्ली मंडळाच्या अध्यक्षाकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघं समोरासमोर बसल्याशिवाय पेटी उघडायची नाही. एकदा मंडळाच्या खोलीतला एक माणूस रात्रीच वारला आणि खजिनदार नेमका रातपाळीला. अध्यक्ष आपली किल्ली हातात धरून बसून राहिले. शेवटी खालच्या वाण्याकडून उसने पैसे आणून सामान आणलं, पण कुलूप तोडू या असं बावीस जणांत एकालाही सुचलं नाही. ही गोष्ट सांगताना आबांचा आवाज दरवेळी थोडा वर चढायचा. मला मात्र त्या वाण्याचं कौतुक वाटायचं.

पेटी आमच्या गावच्या मंडळाची. माण तालुक्यातलं गाव, आणि मंडळ लालबागच्या चाळीत. मंडळ म्हणजे काय, तर दहा बाय बाराची खोली. आबा १९५६ साली गिरणीत लागले तेव्हा तिथे बावीस माणसं राहत होती. बावीस एका वेळी कधीच नसत, कारण गिरणी तीन पाळ्यांत चालायची आणि वळकट्याही तीन पाळ्यांत पसरायच्या. जेवण खाणावळीत. पगार दहा तारखेला, त्यानंतरच्या रविवारी सभा. वर्गणी ठरलेली. त्यातून कुणाचं क्रियाकर्म, गावाहून तार आली तर एसटीचं भाडं, जत्रेची देणगी, आजारी माणसाचं खाणावळीचं बिल. गिरणगावात अशी गावोगावची मंडळं होती, कोकणातली तशी घाटावरचीही. बँकेत त्यांना कुणी उभं केलं नसतं. पण हिशेब असा की सभेत कुणीही उठून "मागल्या महिन्याचे बारा आणे कुठं गेले?" विचारू शकायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत सभा उठायची नाही.

वर्गणीची गोष्ट ही, दानाची निराळी. मुंबईला पाणी पाजायचं काम आधी दानशूरांनीच केलं. धोबी तलावाच्या तळ्याला फ्रामजी कावसजींचं नाव होतं. नळाचं पाणी १८६० साली विहार तलावातून आलं, मग तुळशी, मग १८९२ साली तानसा. लालबागच्या चाळीतल्या नळाला पाणी होतं ते या सरकारी कामाच्या जोरावर. दान देणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात, वर्गणी देणाऱ्याचं वहीत लिहितात. वहीतल्या नावापुढे 'बाकी' असंही लिहिता येतं. दगडावर तसं लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

१९७२ चा दुष्काळ आज्जीने माणमध्ये काढला. खडी फोडायच्या कामावर होती. सुकडी मिळायची, तिच्या वासाची आठवण झाली तरी म्हातारपणी तोंड वाकडं करायची. १९७३ च्या उन्हाळ्यात ती दोन मुलं घेऊन मुंबईला आली. माझे वडील चौदा वर्षांचे, आत्या तीन. मंडळाच्या खोलीत बायामाणसांना जागा नाही. मग घाटकोपरच्या डोंगरावर, असल्फ्याच्या बाजूला, आबांनी एका दादाला साडेतीनशे रुपये देऊन जागा घेतली. जागा म्हणजे उतारावरचा एक दगड आणि त्याच्या पुढे हात पसरले तर मावेल एवढी माती. दादाची ती नव्हतीच. कुणाची होती हे पुढे कितीतरी वर्षं आम्हाला कळलं नाही. महापालिकेला कळलं होतं की नाही, देव जाणे.

पाणी डोंगराच्या पायथ्याला, एका तबेल्याच्या नळावर. दहा पैसे हंडा. पायऱ्या नव्हत्याच, पावसाळ्यात चिखलात पायाची बोटं रोवत चढायचं. आज्जी डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि आत्या मागे लुगड्याचं टोक धरून.

त्या दहा पैशांचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. हंडा पंधरा लिटरचा धरला तर हजार लिटरला सहासष्ट-सदुसष्ट हंडे, म्हणजे सहा रुपये सदुसष्ट पैसे. मुंबई महापालिकेचा घरगुती पाण्याचा दर आजही हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे. पन्नास वर्षांपूर्वी, जेव्हा खडी फोडणाऱ्या बाईला दिवसाला दोन-तीन रुपये मिळायचे, तेव्हा आज्जी जवळजवळ आजच्या इमारतीच्या भावाने पाणी विकत घेत होती. वर डोंगर चढायची हमाली निराळी. झोपडपट्टीतले लोक पाण्याचे पैसे द्यायला तयार होतील का, अशी चर्चा पुढे मोठमोठ्या सभागृहांत झाल्याचं मी वाचलं, तेव्हा मला तो तबेला आठवला.

१९७६ साली सरकारने झोपड्यांची गणती केली. घरातल्या सगळ्यांना दारात उभं करून फोटो काढला आणि फोटोपास दिला. आज्जीने शेजारणीची नथ मागून घातली होती. फोटोत नथ दिसत नाही, कारण ऐन वेळी तिने पदर तोंडाशी धरला. पण त्या पासामुळे डोंगर कागदावर आला. मग पायथ्याला सार्वजनिक नळ आले आणि काही वर्षांनी दहा सीटचा संडासही आला.

डोंगराच्या मध्यावर नळ आला तो मात्र संपाच्या वर्षात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्या बंद पडल्या. आबा घरी बसले. घरी बसलेल्या गिरणी कामगाराइतका बायकोच्या डोळ्यात सलणारा माणूस दुसरा नसतो, असं आज्जीचं म्हणणं. मंडळाचे निम्मे लोक गावी परतले, खोली दुसऱ्यांनी घेतली, आणि पेटी आबांकडे आली. रिकामीच. तेव्हा आबांनी नळाचा विषय काढला.

झोपडीला एकट्याला नळ मिळत नसे. काही घरांनी मिळून अर्ज करायचा, एकाच्या नावावर मीटर घ्यायचा, बिल त्याच्या नावाने येणार आणि त्याने घरोघरी फिरून गोळा करायचं. त्या माणसाला आमच्याकडे 'नळाचा सेक्रेटरी' म्हणतात. लग्नाच्या पत्रिकेवरही तसं छापून घेणारे महाभाग मी पाहिलेत. आबांच्या नळाला पंधरा घरं होती. आता यातली खोच अशी की मोठी जलवाहिनी रस्त्यावर, आणि तिथून नळापर्यंतचा पाइप ज्याचा त्याने घालायचा. इमारतीला तो पाच-दहा फूट पडतो. डोंगरावर आमच्या पंधरा घरांना तो दोनशे ऐंशी फूट पडला. गटाराच्या कडेने, दुसऱ्याच्या पायरीखालून, तिसऱ्याच्या मोरीला वळसा घालून. पाइप, प्लंबर, अनामत, सगळं मिळून चोवीसशे रुपये. आणि पंधरातली नऊ घरं संपवाल्यांची.

बायकांचा फंड चालू होता. महिना वीस रुपये, पंधरा जणी, चिठ्ठी निघेल तिला तीनशे. भिशीच ती, आमच्याकडे फंड म्हणायची पद्धत. आज्जीने सुचवलं की चिठ्ठी काढूच नका. आठ महिने कुणालाच फंड लागला नाही. आठही महिने तो नळाला लागला.

हे मी एका ओळीत लिहिलं, पण त्या आठ महिन्यांत काय काय झालं ते आत्या अजून सांगते. तिसऱ्या महिन्यात एकीच्या पोराला कावीळ झाली आणि ती रडत आली, माझा नंबर मला द्या. आबांनी पेटी उघडायला नकार दिला. रात्री आज्जीने घरातलं तांब्याचं घंगाळ मोडीत घातलं आणि ते पैसे तिला नेऊन दिले. दोघं नवरा-बायको चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. घंगाळ माहेरचं होतं. नळ आल्यावरही आज्जी कधीतरी भरलेल्या बादलीकडे बघून म्हणायची, "ह्यात माजं घंगाळ हाय." एका विधवा बाईला वीस रुपये झेपेनात. तिने पाइपासाठी चर खणला, दगड फोडले, आणि वहीत तिच्या नावापुढे रुपयांच्या जागी आबांनी 'अंगमेहनत' लिहिलं. त्या वहीत तो शब्द एकदाच आलाय.

पाणी पहाटे चार ते सहा. ते सोडणारा तो चावीवाला. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्यात लांब दांड्याची चावी घालून तो किती आटे फिरवतो, त्यावर डोंगरावरच्या माणसाचा दिवस ठरतो. अर्धा आटा कमी पडला की खालच्या घरांना पाणी, वरच्यांना नुसती हवा. नळातून फुस्स असा आवाज यायचा आणि आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. मोठी माणसं हसत नसत. आबांच्या वहीत दर दिवाळीला एक नोंद आहे: 'चावी – ५१'. कशाबद्दल, ते लिहिलेलं नाही.

बिल आलं की भांडण. पंधरा घरांत सारखं वाटायचं, की माणशी? एकाकडे दोन माणसं, दुसऱ्याकडे अकरा आणि वर पोटभाडेकरू. लग्नघराला त्या महिन्यात जादा लावायचं का? आबांनी माणशी लावलं, पाच वर्षांखालचं मूल सोडून. मग सगळ्यांची मुलं अचानक बराच काळ साडेचार वर्षांचीच राहिली.

संडासाचं सांगायचं तर मला आठवतो तो १९९० च्या आसपासचा, दहा सीटचा. दहांतल्या सहांना दारं होती, बाकीच्यांची कुणाच्या तरी चुलीत गेली असावीत. दिवा नाही, पाणी नाही, टाकी भरून वाहायची. पुरुष आणि बायका एकाच रांगेत. आम्ही पोरी आणि बायका पहाटे चारच्याही आधी, पाणी यायच्या अगोदर, टमरेल घेऊन वर डोंगरात जायचो. एकीने वाटेवर उभं राहायचं, खोकायचं काम तिचं. चौथीत असताना ते काम माझं होतं. एकदा मला खरोखरचा खोकला झाला होता आणि माझ्यामुळे तीनदा सगळ्या जणी दचकून उठल्या. पावसाळ्यात साप. उजेड झाल्यावर जायचं म्हणजे प्रश्नच नव्हता. आज्जी म्हातारी झाली तरी संध्याकाळी चारनंतर पाणी पीत नसे. तिला पुढे मूतखडा झाला. दोन्हींचा संबंध डॉक्टरने जोडला, आम्ही नाही. आम्हाला ते बायकांचं वळण वाटत होतं.

१९९५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईचा मलनिःसारणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. समुद्रात लांबवर सांडपाणी सोडणाऱ्या वाहिन्या हा त्याचा मुख्य भाग. झोपडपट्ट्यांचे संडास हे त्यातलं लहान पोर. पण त्या लहान पोराची अट निराळी होती: बांधकाम महापालिका करणार, चालवायचं मात्र वस्तीच्या संस्थेने. आणि बांधकामाला हात लागण्याआधी वर्गणी जमली पाहिजे. प्रौढ माणशी १०० रुपये, घरामागे जास्तीत जास्त ५००. पन्नास माणसांना एक सीट. तो पैसा बांधकामात जाणार नव्हता, संस्थेच्या नावाने बँकेत राहणार होता. पुढच्या दुरुस्तीसाठी, आणि खरं तर या लोकांना हे हवं आहे का, ते कळावं म्हणून.

आमच्या डोंगरावर या प्रकल्पाची माणसं आली तेव्हा २००० साल चालू होतं आणि मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वस्तीत हिशेब शिकलेली म्हणून पावत्या फाडायचं काम मला दिलं. पहिल्या सभेत साठ-सत्तर माणसं आणि सगळी आवाज चढवून. त्याला कारण होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी पायऱ्या बांधून देतो म्हणून एक जण घरामागे दीडशे गोळा करून गेला होता, तो पुन्हा दिसला नाही. शिवाय एक प्रश्न फार सरळ होता आणि तो एका रिक्षावाल्याने विचारला: खालच्या सोसायटीतले लोक गटार साफ ठेवायला सभा घेतात का? त्याचं उत्तर आलेल्या माणसांनी दिलं नाही. आजही मला ते नीट देता येत नाही.

आज्जी कोपऱ्यात मिसरी लावत बसली होती. आबा जाऊन सहा वर्षं झाली होती. पैसे बँकेत राहतील, काढायला दोन सह्या लागतील, एकीने चालणार नाही, असं कुणीतरी समजावत होतं. ती म्हणाली, "म्हंजी पेटीच की ती." आणि कमरेची पिशवी सोडून पाचशे रुपये माझ्यासमोर मोजले. पहिली पावती तिची. त्या दिवशी अकरा फाटल्या. उरलेल्या दीडशेला चौदा महिने लागले.

मधल्या काळात वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात किती खेपा झाल्या त्या मोजल्या नाहीत. संस्था नोंदवायची, तिला नियमावली, सात जणांची समिती. त्यात दोन बायका. आत्या खजिनदार झाली कारण पुरुषांना ते पद नको होतं. दारोदार फिरून मागावं लागतं, अध्यक्षाला नुसतं बसायला लागतं.

हे असं काही फक्त आमच्याच डोंगरावर सुचलं, असा माझा बरेच दिवस समज होता. मग भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची गोष्ट कळली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की फुटपाथवरच्या झोपड्या पालिका नोटीस देऊन हटवू शकते. त्याच सुमारास 'स्पार्क' या संस्थेने त्या लोकांची मोजणी केली, आणि १९८६ मध्ये त्याच फुटपाथवर 'महिला मिलन' उभं राहिलं. रोज थोडी थोडी बचत, आणि अडीअडचणीला त्यातून कर्ज. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी वही ठेवली नाही, पिशवी ठेवली. प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे. एक रंग एका रुपयाचा, दुसरा दोनचा, तिसरा पाचचा. पिशवी उघडली की हिशेब डोळ्यांसमोर. बी.कॉम. झालेल्या मला ही पासबुकाची कल्पना सुचली नसती.

त्यांच्याबरोबर काम करणारे जॉकिन अर्पुथम हे स्वतः वस्तीतले. कोलारच्या सोन्याच्या खाणीकडून मुंबईला आलेले, मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिलेले. तिथला कचरा कुणी उचलत नाही म्हणून त्यांनी पोरांना एकेक पुडकं बांधायला लावलं आणि ते नेऊन पालिकेच्या कार्यालयासमोर टाकलं, ही गोष्ट ते नेहमी सांगत. १९७६ मध्ये ती वसाहत उठवून लोकांना चीता कॅम्पला नेलं. २००० साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालं, २०१८ मध्ये ते गेले.

पुण्यात १९९९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, असे चारशेवर सामुदायिक संडास बांधले गेले. त्यातल्या बायकांनी आखलेल्या संडासांचं वर्णन वाचताना मी एका जागी थांबले. बायकांची रांग वेगळी. दार आत-बाहेर दोन्हीकडे उघडणारं, म्हणजे बादली घेऊन वळताना ते अंगावर येत नाही. आणि मुलांसाठी वेगळी जागा, बेताच्या आकाराच्या सीट, धरायला दांडी. मोठ्यांच्या रांगेत पोराला कुणी पुढे सोडत नाही आणि अंधाऱ्या भोकाची त्याला भीती वाटते, हे इंजिनियरला कुठल्या पुस्तकात सापडणार? मुंबईतही २००५ पर्यंत जागतिक बँकेच्या त्या कार्यक्रमात तीनशेवर संडास झाले, पाच हजारांहून जास्त सीट. आमचा त्यातला एक. वीस सीटचा, वर राखणदाराच्या कुटुंबाला खोली, खाली सेप्टिक टँक, कारण डोंगरावर गटारवाहिनी येणं शक्य नव्हतं.

आत्याच्या वह्या मी परवा सगळ्या खाली काढल्या. २००३ च्या एका महिन्याचं पान असं आहे. पासाची कार्डं १६८, महिना ३० रुपये, म्हणजे यायला हवेत ५,०४०. आले १२६ घरांचे, ३,७८०. बाहेरच्यांचे, वेळेला एक रुपयाप्रमाणे, १,१४०. एकूण ४,९२०. खर्च: राखणदार २,५००, वीज १,३५०, पाणी ६१०, फिनेल-अ‍ॅसिड-खराटे २४०. एकूण ४,७००. शिल्लक २२०.

हे पान बघून एखाद्याला वाटेल, चाललं की! २२० नफा! पण सेप्टिक टँक वर्षाकाठी उपसावा लागतो आणि त्याला तेव्हा साडेचार हजार लागायचे. बारा महिने २२० रुपये शिलकीत टाकले तर होतात २,६४०. सगळं घोडं तिथेच अडतं. रोजचं झाडूपोछा गरीब माणूस वर्गणीतून चालवतो, कुणाहीपेक्षा चोख चालवतो. टाकी फुटली, स्लॅब गळला, पंप जळला की त्याच्या वर्गणीला ते पेलत नाही. विजेचं बिल काही वर्षं दुकानाच्या दराने येत होतं. आत्या कार्यालयात जाऊन म्हणाली, आम्ही काय विकतो तिथे, ते एकदा येऊन बघून जा. कुणी आलं नाही.

दर वर्षी एक नोंद येते: 'टाकी – ४५००'. त्या टाकीत उतरणाऱ्या माणसाचं नाव एकाही वहीत नाही. हाताने मैला वाहून नेण्यावर १९९३ च्या कायद्याने बंदी आणली, २०१३ चा कायदा तर आणखी कडक. आमचं ते काम नंतर गाडी आणि पाइपावर गेलं, पण सुरुवातीची तीन-चार वर्षं माणूसच उतरला, हे मला माहीत आहे, कारण त्याला चहा मी नेऊन दिला होता. चहा वेगळ्या कपात दिला होता. पै-पैचा जाब मागणाऱ्या आमच्या संस्थेच्या सभेत हा प्रश्न कधी कुणी उठून विचारला नाही. मीही नाही.

आणखी एक. आमचं चाललं म्हणून सगळीकडे चाललं असं नाही. कित्येक ठिकाणी संस्था कागदावर आणि किल्ली कुणा दादाच्या कमरेला. तिथे संडास हा धंदा झाला, माणशी पाच रुपये, पावती नाही. नियमावली दोन्हीकडे तीच. फरक मला एवढाच दिसला की आमच्याकडे भांडणारी माणसं आधीपासून होती. पंधरा घरांनी माणशी की घरटी यावर वीस वर्षं घसा कोरडा केला होता, त्यांना हिशेब मागायची लाज वाटत नव्हती. लोकसहभाग हा शब्द सरकारी कागदावर वाचला की माझ्या पोटात थोडं ढवळतं, कारण बऱ्याचदा त्याचा अर्थ 'तुमचं तुम्ही बघा' एवढाच असतो. कराचीच्या ओरंगीत अख्तर हमीद खान यांनी १९८० पासून जे काम उभं केलं, तिथे वाटणी तरी स्वच्छ होती. घरातला संडास आणि गल्लीतली वाहिनी लोकांनी आपल्या पैशाने घालायची, मोठी वाहिनी आणि पुढची शुद्धीकरणाची सोय सरकारची. आमच्या दोनशे ऐंशी फुटांची वाटणी कुणी केली होती?

नळाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या टकुऱ्याजवळ, आता नवी घरं झालीत. ती सरकारने ठरवलेल्या तारखेनंतरची. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा की नंतरचा, पुढे २००० च्या आधीचा की नंतरचा, यावर माणसाला तहान लागते की नाही ते ठरायचं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. तरी त्या घरांतली एक बाई मला गेल्या उन्हाळ्यात पस्तीस लिटरचा कॅन वीस रुपयांना घेताना दिसली. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर गुणाकार केला. हजार लिटरला पाचशे एकाहत्तर रुपये. तबेलेवाला त्या कॅनवाल्याच्या मानाने साधुपुरुष.

२०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि असल्फ्याला स्टेशन आलं. मग तीन-चार वर्षांनी मेट्रोतून दिसणाऱ्या घरांना कुणी कुणी रंग दिले, निळे, गुलाबी, पिवळे. लोक फोटो काढायला येऊ लागले. आत्याच्या भिंतीवर एक मांजर काढलंय. रंगाला वर्गणी लागली नाही.

आज्जी २०११ मध्ये गेली. शेवटची काही वर्षं ती संडासाच्या पायरीवर सकाळी येऊन बसायची आणि पास नसलेल्याला अडवायची. एकदा निवडणुकीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यातला एक जण दहा-बारा जणांना घेऊन पाहणीला आला आणि तसाच आत शिरला. तिने काठी आडवी लावली. बारा जणांचे बारा रुपये घेतले. मी नंतर विचारलं, आज्जी, एवढ्यासाठी कशाला? ती म्हणाली, "आगं, आमी पैसं दिलं ते काय नुसतं बसायला न्हाय. इचारायला दिलं."

मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. फ्लॅटमध्ये दोन संडास आहेत, आणि सोसायटीच्या सभेला आम्ही जात नाही. परवा वह्या चाळायला आत्याकडे गेले ते सकाळपासून बसले. दुपारी उठले आणि सवयीने उतरून त्या वीस सीटच्या संडासाकडे वळले. खिडकीशी आता क्यूआर कोड चिकटवलाय. राखणदार जेवायला गेला होता म्हणून गल्ल्यावर आत्याच येऊन बसली होती, चष्मा नाकावर, पुढे पावतीपुस्तक.

"पास?" ती म्हणाली.

मला वाटलं, गंमत करते आहे. मी हसले. ती हसली नाही. माझ्या मागे एक पोरगी पास हातात धरून उभी होती आणि आमच्याकडे बघत होती.

"आत्या, मी पहिल्या पावत्या फाडल्यात इथल्या."

"मंग तुला ठाऊक असंल ना? बाहेरच्यांना तीन रुपये."

माझ्याकडे पाचाचं नाणं होतं. तिने पावती फाडली, दोन रुपये मोजून परत दिले, आणि मागच्या पोरीला म्हणाली, "हां, चल गं, पुढं हो."